सवयीच्या मुळाशी असलेली अस्वस्थता

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

एखादा मुलगा सतत नखे कुरतडतो, एखादी सून दिवसातून कितीतरी वेळा हात धुते, घरातल्या कर्त्या पुरुषाला तंबाखूची पुडी किंवा मोबाइल घटकाभर दूर ठेवणे जमत नाही, तेव्हा आपल्या भागात या सर्वांना मिळणारा सल्ला एकच असतो : मन घट्ट कर. सल्ला देणाऱ्यांच्या हेतूविषयी मला शंका नाही. परंतु बीड आणि लातूर जिल्ह्यांतील शाळांत अनेक वर्षे शिकवल्यानंतर, आणि नात्यातील एकाच्या उपचारांच्या निमित्ताने या विषयाचे वाचन केल्यानंतर, माझे ठाम मत झाले आहे की हा सल्ला बहुतेक वेळा निरुपयोगी ठरतो आणि काही वेळा अपाय करतो. न आवरणारी सवय ही बहुधा एखाद्या अस्वस्थतेवर शोधलेला तात्पुरता उतारा असते. ती अस्वस्थता उताऱ्याविना काही काळ सोसता येणे ही शिकून, सरावाने येणारी गोष्ट आहे, एवढेच मला आपल्या वाचकांपुढे मांडायचे आहे.

ज्यांच्यामुळे मी या विषयाकडे वळलो ते माझ्या नात्यातील एक शेतकरी आहेत. मराठवाड्यात विहिरीवर किंवा बोअरवर मोटार असलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे की शेतीची वीज पुष्कळदा रात्रीच येते. पाणी देऊन, मोटार बंद करून हे गृहस्थ घरी परतले की त्यांच्या मनात शंका येई : स्टार्टरचे बटण नीट दाबले गेले का? मोटार कोरडी चालली तर जळेल, दुरुस्तीला पैसे नाहीत, पीक वाळेल. मग बॅटरी घेऊन ते पुन्हा शेतात जात, स्टार्टर बंद असल्याचे डोळ्यांनी पाहत आणि छातीवरचे ओझे उतरल्यासारखे होऊन परतत. अंथरुणावर पडेपर्यंत तीच शंका पुन्हा उभी राही. मुलाला ते विचारत, ‘बाळा, तू सोबत होतास ना, बंद केली होती ना रे मी?’ आणि मुलगाही कधी प्रेमाने, कधी वैतागून सांगे, ‘हो अण्णा, मी बघितलंय.’ त्या उत्तराने मिळणारा दिलासा टिकत नसे. गावात कोणी याला भ्रम म्हटले, कोणी करणी म्हटले. देवऋष्याकडे जाऊन झाले, अंगारा झाला. स्वतः हे गृहस्थ मात्र पूर्ण शुद्धीवर होते. आपली शंका निरर्थक आहे हे त्यांना इतरांपेक्षा अधिक स्पष्टपणे कळत होते, आणि कळूनही पाय शेताकडे वळत होते, हीच त्यांची खरी यातना होती.

मानसोपचारतज्ज्ञांनी त्यांना जे समजावून सांगितले ते प्रत्येक घराने समजून घ्यावे असे आहे. शंका आली की बेचैनी चढते. तपासून आले की ती झर्रकन उतरते. हे उतरणे मेंदूला बक्षिसासारखे वाटते, आणि ‘बेचैनी आली तर तपासायला जायचे’ हा धडा दर खेपेला अधिक पक्का होतो. खरजेला खाजवल्याने क्षणभर बरे वाटते आणि खरूज चिघळते, तसेच हे आहे. त्याहून महत्त्वाची बाब अशी की तपासायला न जाता माणूस तसाच बसून राहिला असता, तर बेचैनी एका मर्यादेपर्यंत चढून आपोआप उतरली असती. परंतु तो दर वेळी उठून गेल्यामुळे तिचे हे उतरणे त्याला कधी अनुभवायलाच मिळत नाही आणि आपण गेलो म्हणूनच ती गेली, असा त्याचा समज होतो. घरच्यांनी वारंवार ‘हो, बंद आहे’ असे सांगणे हेसुद्धा तपासण्याचेच दुसरे रूप आहे. मायेपोटी दिलेले ते उत्तर रोगाला खतपाणी घालते, ही गोष्ट ऐकायला कठोर वाटली तरी उपचारांत तिला फार महत्त्व आहे.

ज्याला इंग्रजी आद्याक्षरांवरून ओसीडी म्हणतात आणि मराठीत मंत्रचळ, त्या विकाराची ही कथा झाली. परंतु याच रहाटाचे सौम्य रूप आपणा सर्वांच्या दिवसात फिरत असते. आपला प्रदेश वाट पाहण्याचा प्रदेश आहे. पेरणीनंतर पावसाची, काढणीनंतर भावाची, परीक्षेनंतर निकालाची वाट पाहायची, आणि यांपैकी काहीही आपल्या हातात नाही. हातात असतो तो मोबाइल. लातूरच्या बाजारात सोयाबीनचा दर काय निघाला, हवामानाचा अंदाज काय म्हणतो, विम्याचे पैसे खात्यावर आले का, हे दिवसात एकदा पाहणे ही गरज आहे; दर थोड्या वेळाने पाहणे हा बेचैनीवरचा उतारा आहे. बक्षीस प्रत्येक वेळी न मिळता अधूनमधून, अनिश्चितपणे मिळाले तर कृती अधिक चिवटपणे टिकते, हे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी कबुतरांवरील प्रयोगांतून दाखवून दिले होते. दहा वेळा उघडलेल्या मोबाइलवर एकदाच काही चांगले दिसते, आणि ते एकदाच दिसणे पुढच्या पन्नास वेळा हात खिशाकडे नेते. पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या रमीसारख्या खेळांचे बळही यातच आहे. संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये अशा ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला, हे योग्यच झाले. मात्र ज्या तरुणाला त्या खेळाने रिकाम्या वेळेतल्या बेचैनीवर फुंकर मिळत होती, त्याची बेचैनी कायद्याने जात नाही. ती दुसरे दार शोधते.

तंबाखूविषयी थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील १५ वर्षांवरील लोकांपैकी २४.४ टक्के लोक धूरविरहित तंबाखू, म्हणजे मुख्यतः खाण्याचा किंवा लावण्याचा तंबाखू, वापरत होते. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे आणि तो कोठे मिळतो हे शाळकरी पोरांनाही माहीत आहे. तंबाखू खाणारा माणूस सांगतो, ‘याने डोके शांत राहते.’ तो खोटे बोलत नाही. परंतु तंबाखूतील निकोटीनचे शरीरातील प्रमाण साधारण दोन तासांत निम्म्यावर येते, आणि ते उतरू लागले की चिडचिड, हुरहुर आणि एकाग्रतेचा अभाव सुरू होतो. पुढची चिमूट जी बेचैनी शांत करते, ती मोठ्या प्रमाणात आधीच्या चिमटीनेच निर्माण केलेली असते. हे ज्याला समजते त्याला सोडल्यानंतरचे पहिले काही दिवस कठीण का जातात हेही समजते, आणि ‘आपल्याने होत नाही’ असे म्हणून तो लवकर हार मानत नाही. तंबाखू सोडण्यासाठी मोफत सल्ला देणारा १८००-११-२३५६ हा राष्ट्रीय क्रमांक पुडीवरच छापलेला असतो. पुडी फोडणाऱ्यांपैकी किती जण तो वाचतात, याचा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

दारूच्या बाबतीत मात्र एक इशारा द्यायला हवा. रोज भरपूर पिणाऱ्याने ती एका दिवसात तोडली तर हातपाय थरथरणे, झटके, भास होणे असे जिवावरचे प्रसंग ओढवू शकतात. तिथे शपथ किंवा माळ घेण्याआधी दवाखान्याची वाट धरावी.

प्रत्येक अस्वस्थता मनातूनच येते असेही नाही. थायरॉइड ग्रंथी जास्त काम करू लागली की छातीत धडधड, हातांना कंप आणि एका जागी बसवत नाही अशी अवस्था होते. रात्री पायांत कळा-मुंग्या येऊन पाय सारखे हलवावेसे वाटतात, त्याचा संबंध पुष्कळदा शरीरातील लोहाच्या कमतरतेशी असतो. आणि २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार आपल्या राज्यातील निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला आहे. जेवणाबरोबर घेतलेला चहा अन्नातील लोह शोषू देत नाही आणि संध्याकाळनंतरचा चहा झोप उडवतो. काही औषधांनीही, अगदी उलटी थांबवण्याच्या एखाद्या औषधानेसुद्धा, येरझाऱ्या घालायला लावणारी बेचैनी निर्माण होऊ शकते. म्हणून ‘ही बाई स्वस्थ बसतच नाही’ असे म्हणण्याआधी तिच्या रक्ताची तपासणी झाली आहे का, हे विचारणे अधिक माणुसकीचे आहे.

आता उपायांकडे वळतो. ‘तो विचार मनातून काढून टाक’ हे वाक्य आपण सर्वांत अधिक वापरतो आणि तेच सर्वांत कमी उपयोगी आहे. डॅनियल वेगनर या मानसशास्त्रज्ञांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही विद्यार्थ्यांना पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका असे सांगितले होते. त्यांना तो विचार टाळता आला नाहीच, आणि नंतर मोकळीक मिळाल्यावर तो इतरांपेक्षा अधिक येऊ लागला. विचार दाबण्याऐवजी तो येऊ द्यावा, त्याला नाव द्यावे (‘ही स्टार्टरची शंका आली’) आणि त्याच्या सांगण्याप्रमाणे उठावे मात्र नाही, हा अधिक उपयोगी मार्ग आहे. सुरुवातीला नुसते लांबवावे. पुडीकडे किंवा मोबाइलकडे हात गेला की दहा मिनिटे थांबायचे, त्या दहा मिनिटांत तलफ अंगात कोठे जाणवते, ती चढते आहे की उतरते आहे, हे पाहत बसायचे. पाहणाऱ्याला लवकरच कळते की ती सारखी चढत नाही.

नखे खाणे, केस उपटणे, ओठांची साल काढणे अशा सवयींसाठी अझ्रिन आणि नन या दोन अमेरिकन तज्ज्ञांनी १९७३ मध्ये मांडलेली पद्धत आजही वापरली जाते आणि तिला एक पैसाही लागत नाही. पहिली पायरी म्हणजे सवय केव्हा सुरू होते हे टिपणे : अभ्यास अडला की, टीव्हीसमोर की, आईवडिलांचे भांडण सुरू झाले की. दुसरी पायरी म्हणजे हात तोंडाकडे किंवा केसांकडे निघाल्याचे जाणवताच त्याच हाताला ती सवय करताच येणार नाही असे दुसरे काम देणे, उदाहरणार्थ मूठ आवळून एक-दोन मिनिटे मांडीवर दाबून धरणे. तिसरी गोष्ट घरातल्या एका माणसाची साथ, जो चुकल्यावर ओरडणार नाही आणि जमल्यावर दोन शब्द बोलेल. मी शिकवत असताना टाळूजवळचे विरळ झालेले केस रिबिनीखाली झाकणाऱ्या मुली पाहिल्या आहेत आणि बोटांना कडुनिंबाचा रस लावून शाळेत पाठवलेली मुलेही पाहिली आहेत. कडू रसाने नखे काही दिवस वाचतात, पण मूल कशाने कासावीस झाले आहे हे कोणी विचारले नाही तर ते दुसरे काही कुरतडू लागते. लातूरमध्ये वैद्यकीय प्रवेशपरीक्षेच्या तयारीसाठी गाव सोडून खोल्यांत राहणाऱ्या सोळा-सतरा वर्षांच्या मुलामुलींबाबत मला हे विशेष कळकळीने सांगावेसे वाटते. उत्तरपत्रिकेवरचे गोल पुनःपुन्हा तपासणे, एकच पान वाचून झाले असे न वाटणे, रात्रभर मोबाइलवर निरर्थक चित्रफिती सरकवत राहणे, या गोष्टींना पालक आळस किंवा चुकारपणा म्हणतात. या मुलांना दरमहा पैसे पाठवणाऱ्या पालकांनी गुणांची चौकशी करण्याआधी झोपेची चौकशी करावी.

किती काळ लागतो, हा प्रश्न सर्वच विचारतात. प्रेरणादायी व्याख्यानांतून एकवीस दिवसांचा आकडा सर्रास फेकला जातो आणि त्याने मोठे नुकसान केले आहे, कारण बाविसाव्या दिवशी तलफ आली की माणूस स्वतःला नालायक ठरवतो. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर केलेल्या अभ्यासात नवी दैनंदिन सवय अंगवळणी पडायला सरासरीने ६६ दिवस लागले, आणि माणसामाणसांतला फरक १८ पासून २५४ दिवसांपर्यंत होता. मध्ये एखादा दिवस चुकल्याने विशेष बिघडत नाही, असेही त्यात दिसून आले. हा अभ्यास नवी सवय लावण्याचा होता, जुनी मोडण्याचा नव्हे. तरीही ठरावीक मुदतीच्या भ्रमातून सुटायला तो पुरेसा आहे.

इथे श्रद्धेचा विषय टाळून चालणार नाही. आपल्याकडे नामस्मरण, हरिपाठ, नमाज, वारी यांनी असंख्य माणसांचे चित्त स्थिर केले आहे, आणि मी स्वतः त्या वाटेचा आदर करतो. परंतु जपाची संख्या चुकली असे वाटून एखादी आजी पहाटेपासून पुनःपुन्हा पहिल्या मण्यापासून सुरुवात करत असेल आणि जेवायला उठू शकत नसेल, किंवा देवाविषयी अभद्र विचार मनात येतात म्हणून एखादा भाविक तरुण स्वतःला पापी समजून झुरत असेल, तर तिथे भक्ती कमी पडलेली नसते. तो आजार असतो आणि त्यावर औषध असते. सप्ताहांत आणि प्रवचनांत हे वाक्य एखाद्या महाराजांनी उच्चारले तर ते माझ्यासारख्याच्या दहा पत्रांपेक्षा अधिक घरांत पोहोचेल.

वैद्यकीय मदत केव्हा घ्यावी याची एक ढोबळ खूण तज्ज्ञ सांगतात. नको असलेले विचार आणि त्यामागून येणाऱ्या कृती दिवसाचा तासाहून अधिक वेळ खात असतील, किंवा त्यांच्यामुळे काम, शिक्षण, संसार अडू लागला असेल, तर वाट पाहू नये. मंत्रचळावर दोन प्रकारचे उपचार सिद्ध झाले आहेत. एक म्हणजे शंकेला सामोरे जाऊन कृती न करण्याचा टप्प्याटप्प्याने केलेला सराव, ज्याची सुरुवात व्हिक्टर मेयर यांनी १९६६ मध्ये इंग्लंडमध्ये केली. आणि दुसरा म्हणजे फ्लुओक्सेटिन, सर्ट्रालिन यांसारखी औषधे. या औषधांचा पुरेसा गुण यायला आठ ते बारा आठवडे लागू शकतात, म्हणून पंधरा दिवसांत ‘फरक नाही’ म्हणून ती टाकू नयेत. त्यांची नशेसारखी ओढ लागत नाही, मात्र ती मनानेच एकदम बंदही करू नयेत. औषधाच्या दुकानातून परस्पर आणलेल्या अल्प्राझोलामसारख्या झोपेच्या गोळ्यांची गोष्ट वेगळी आहे. त्यांची खरोखरच सवय लागते, आणि आपल्या तालुक्यांच्या गावांत त्या किती सहज घेतल्या जातात याची काळजी वाटते.

माझ्या नातेवाइकांना औषध आणि सराव दोन्हींची गरज पडली. मोटार बंद करताना एकदाच स्टार्टरकडे नीट पाहायचे, मग मागे न वळता घरी यायचे. शंका आली तर तिला येऊ द्यायचे. मुलाने उत्तर देण्याऐवजी ‘अण्णा, आपलं ठरलंय’ एवढेच म्हणायचे. सुरुवातीच्या रात्री त्यांना झोप लागली नाही, आणि घरच्यांना त्यांची तगमग पाहवली नाही. तरीही सगळे ठरल्यावर राहिले. आज शंका अधूनमधून येते, परंतु ते अंथरुणावरून उठत नाहीत.

राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणाने (२०१५-१६) दाखवले की वेगवेगळ्या मानसिक विकारांच्या ७० ते ९२ टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोहोचत नाहीत. आपल्याकडे सोय अजिबात नाही असे मी म्हणणार नाही. आमच्या अंबाजोगाईत स्वाराती, छत्रपती संभाजीनगरात घाटी, लातूर आणि नांदेडला शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने शासकीय मानसिक आरोग्यसेवा मिळण्याचा हक्क प्रत्येकाला दिला आहे. केंद्र शासनाची ‘टेलिमानस’ ही मोफत दूरध्वनी सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस सुरू आहे आणि तिथे मराठीत बोलता येते. लहान गावात मानसोपचार विभागाच्या रांगेत ओळखीचा चेहरा भेटण्याची भीती असते, विशेषतः लग्नाच्या मुली असलेल्या घरांना. त्यांच्यासाठी हा फोन पहिली पायरी ठरू शकतो, कारण तो घरातून करता येतो.

म्हणून आपल्याला माझी विनंती आहे की आपल्या वृत्तपत्राच्या मराठवाड्यातील जिल्हा पानांवर पावसाची आकडेवारी आणि बाजारभाव छापले जातात तिथेच आठवड्यातून एकदा १४४१६ आणि तंबाखू सोडण्याचा क्रमांक ठळकपणे छापावा. आठही जिल्ह्यांच्या शल्यचिकित्सकांना आणि आरोग्य अधिकाऱ्यांना विनंती आहे की मानसोपचारतज्ज्ञ कोणत्या वारी, कोणत्या वेळेत आणि कोणत्या खोलीत भेटतात, याचा फलक प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्राच्या दर्शनी भिंतीवर लावावा आणि ती माहिती आशाताईंना तोंडपाठ असेल असे पाहावे. लातूर, नांदेड आणि संभाजीनगर येथील खासगी शिकवण्यांच्या चालकांनी हाच फलक आपल्या वसतिगृहांच्या खानावळीत लावला, तर त्यांना येणारा खर्च अगदीच किरकोळ असेल.

पत्रात नातेवाइकांच्या आजाराचा उल्लेख असल्यामुळे माझे नाव प्रसिद्ध करू नये, ही नम्र विनंती. कळावे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त माध्यमिक शिक्षक,
अंबाजोगाई, जि. बीड